जामीन कोण राहणार?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही बोलावयास उभे आहोत. ‘आम्ही’ हा शब्द येथे मोठेपणासाठी नाही. हे भाषण आम्हा पतिपत्नींचे आहे. एकाने ते लिहिले आणि दुसरीने त्यातील निम्मे खोडले. आमचा व्यवसायही असाच चालतो.

या व्यासपीठावर आजवर धम्म, साहित्य आणि शिक्षण या विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. आम्ही विद्वान नाही. न्यू जर्सीत विजेच्या कामाचे ठेके घेणारे साधे ठेकेदार आहोत. कार्यकारिणीने आम्हांस आमच्या व्यवसायाविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा कोणता विषय घ्यावा याचा आम्ही पुष्कळ विचार केला. अखेरीस ज्या एका कागदामुळे आमची अनेक वर्षे अडली आणि ज्या कागदावर सही करताना आमचा हात थरथरला, त्याच कागदाविषयी बोलावे असे ठरले. त्या कागदाला येथे ‘शुअरिटी बाँड’ म्हणतात. विषय रूक्ष वाटेल; परंतु मराठीत त्याचे नाव जुने आणि आपल्या ओळखीचे आहे. ते नाव म्हणजे जामीन.

आमचे वडील, म्हणजे आम्हांपैकी एकाचे जन्मदाते आणि दुसरीचे सासरे, मुंबईत गिरणी कामगार होते. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील एका खोलीत आठ माणसांचा संसार होता. गिरणीत कामगारांची पतपेढी होती. कर्ज हवे असेल तर दोन सोबत्यांनी जामीनदार म्हणून सह्या कराव्यात, असा तिचा नियम होता. १९८० साली खात्यातील एका सोबत्याच्या मुलीच्या लग्नासाठी वडिलांनी अशी सही केली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सोबती गावी गेला तो परत आलाच नाही, आणि पतपेढीने जामीनदाराकडे बोट दाखविले. रात्रीच्या रखवालदारीच्या पगारातून वडिलांनी ते कर्ज सहा वर्षे फेडले. त्या सोबत्याविषयी त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही. आम्हांला मात्र बजावून ठेवले, “कुणाला उसने द्या, नाही परत आले तर विसरून जा. पण कुणाला जामीन राहू नका.”

१९८६ साली आम्ही या देशात आलो तेव्हा दोन बॅगांबरोबर हे वाक्यही आमच्या सामानात होते.

त्याच्याही मागची एक पिढी आठवा. आपल्या आजोबा-पणजोबांकडे हाडकी-हाडोळ्याचा तुकडा असे. परंतु ते वतन होते आणि वतनाच्या मोबदल्यात गावकी होती. १९५८ च्या कायद्याने ती वतने संपुष्टात येईपर्यंत त्या जमिनीने आपल्या माणसाला पत दिली नाही, राबणूक तेवढी दिली. सावकाराच्या ओट्याखाली उभे राहिल्यावर पहिला प्रश्न येई, “तुझ्यासाठी जामीन कोण?” त्या प्रश्नाला उत्तर नसे. आपला माणूस अप्रामाणिक होता म्हणून ही वेळ येत नसे. ज्याच्या शब्दाला गावात किंमत होती असा कोणीही त्याच्यासाठी शब्द टाकावयास तयार नसे, हे त्याचे खरे कारण होते.

स्वतः बाबासाहेबांनाही हा अनुभव चुकला नाही. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात येताना, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला. तोही एक बाँडच होता. १९१७ साली तो पाळावयास ते बडोद्यास गेले, तर त्या शहराने त्यांना राहावयास जागा दिली नाही. पुढे मुंबईत त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय उघडला. अर्थशास्त्राचे त्यांच्याइतके शिक्षण त्या बाजारात कितीजणांचे होते? परंतु सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि व्यवसाय बंद करावा लागला. गुणवत्ता होती आणि सचोटीही होती. बाजाराने विश्वास तेवढा दिला नाही. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य झाले आणि नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. एका मित्राने टाकलेला विश्वास काय करू शकतो, हे यावरून दिसते.

आता मूळ विषयाकडे वळू.

शुअरिटी बाँड हा तीन पक्षांचा करार असतो. पहिला पक्ष काम करणारा ठेकेदार. दुसरा पक्ष काम करवून घेणारा; उदाहरणार्थ नगरपालिका, शाळा मंडळ किंवा सरकार. तिसरा पक्ष हमी देणारी शुअरिटी कंपनी. ठेकेदाराने काम अर्धवट सोडले तर ते पुरे करून देण्याची, अथवा ठरलेल्या रकमेपर्यंत नुकसान भरून देण्याची जबाबदारी कंपनी घेते. यास पुष्कळ लोक विमा समजतात आणि येथेच फसतात. विम्यात कंपनीने भरपाई दिली की विषय संपतो. शुअरिटीमध्ये कंपनी आधी भरते आणि नंतर पैन् पै ठेकेदाराकडून वसूल करते. हे तत्त्व आपल्याला परके नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातही जामीनदार, मूळ ऋणको आणि धनको असे तीन पक्ष सांगितले आहेत, आणि जामीनदाराने भरलेली रकम मूळ ऋणकोकडून परत मिळविण्याचा त्याचा हक्क मान्य केला आहे. आमच्या वडिलांकडेही तो हक्क होता. त्यांच्या सोबत्याकडे पैसे तेवढे नव्हते.

सार्वजनिक कामांत मुख्यतः तीन बाँड लागतात. निविदा भरताना बिड बाँड. काम मिळाल्यास आम्ही मागे हटणार नाही, अशी ही हमी. न्यू जर्सीच्या स्थानिक संस्थांच्या कायद्यात ही हमी निविदेच्या दहा टक्के, परंतु २० हजार डॉलरपेक्षा अधिक नाही, अशी आहे. दुसरा परफॉर्मन्स बाँड, म्हणजे काम करारानुसार पुरे करण्याची हमी. तिसरा पेमेंट बाँड. आम्ही आमच्या मजुरांचे, उपठेकेदारांचे आणि माल पुरविणाऱ्यांचे पैसे देऊ, अशी ही हमी. याखेरीज काही राज्यांत नुसता परवाना मिळविण्यासाठीही बाँड लागतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून तो २५ हजार डॉलरचा आहे.

या पेमेंट बाँडचे मर्म आपल्या कष्टकरी परंपरेतील माणसांनी अवश्य समजून घ्यावे. खासगी इमारतीवर काम करणाऱ्याचे पैसे बुडाले तर तो कायद्याने त्या इमारतीवर बोजा चढवू शकतो. सरकारी इमारतीवर असा बोजा चढविता येत नाही. मग सरकारी इमारत बांधणाऱ्या गवंड्याने आपली मजुरी कोठून वसूल करावी? या प्रश्नातून येथील काँग्रेसने १८९४ साली हर्ड कायदा केला आणि बाँडची सक्ती आणली. त्यातील उणिवा ध्यानात आल्यावर १९३५ साली मिलर कायदा आला. त्याने कामाची हमी आणि मजुरीची हमी यांसाठी दोन वेगळे बाँड ठरवून दिले. मूळ कायद्यात एक लाख डॉलरहून मोठ्या फेडरल बांधकामास ही सक्ती आहे. नियमांनी ती मर्यादा पुढे वाढविली. राज्यांनीही असेच कायदे केले. त्यांना येथे ‘लिट्ल मिलर’ कायदे म्हणतात. तेव्हा ज्या कागदाने आमची वाट अडविली तोच कागद मजुराच्या घामाचे रक्षणही करतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही आमच्या अंगावरून गेल्या आहेत.

आमची अडवणूक आधी सांगतो. आठ वर्षे दुसऱ्यांकडे नोकरी करून १९९४ साली आम्ही स्वतःची लहानशी कंपनी काढली. एक जुनी व्हॅन, दोन शिड्या आणि तळघरातील एक टेबल, एवढेच आमचे भांडवल होते. घरगुती कामे मिळत गेली. १९९६ साली एका शाळेच्या वर्गखोल्यांतील दिवे बदलण्याचे काम निघाले. असे काम आम्ही दुसऱ्यांच्या हाताखाली अनेकदा केले होते. आमचा दर कमी बसत होता. बाँड मागावयास गेलो, तेव्हा एजंटने तीन गोष्टी विचारल्या. या धंद्यात त्यांना ‘तीन सी’ म्हणतात, म्हणजे कॅरेक्टर, कपॅसिटी आणि कॅपिटल. आपल्या भाषेत चारित्र्य, कुवत आणि भांडवल.

चारित्र्याविषयी आमची काही चिंता नव्हती. कुवतीचा पुरावा म्हणून त्यांनी अशाच आकाराच्या पुऱ्या केलेल्या कामांची यादी मागितली. कामे आम्ही केली होती, परंतु ती दुसऱ्यांच्या नावावर होती. भांडवल म्हणून त्यांनी सी.पी.ए.ने तपासलेला ताळेबंद, बँकेची उचल मर्यादा आणि खेळते भांडवल पाहिले. साधारण ठोकताळा असा असतो की खेळत्या भांडवलाच्या दहापटीच्या आसपास काम कंपनी तुमच्या अंगावर घेऊ देते. आमच्याकडे जे होते त्याच्या दहापटीत शाळेच्या एका मजल्याचेही दिवे आले नसते. अर्ज नामंजूर झाला. बाँड मिळण्यासाठी मोठे काम केलेले असावे लागते आणि मोठे काम मिळण्यासाठी बाँड लागतो. या चक्रात आमच्यासारखे नवखे किती फिरत असतील याची मोजदाद नाही. ज्यांच्या वडिलांचा धंदा होता, ज्यांच्या सासऱ्याची इमारत होती, त्यांच्यासाठी हे चक्र कोणीतरी आधीच फोडून ठेवलेले असते. आमच्यासाठी मागच्या पिढीने पदव्या ठेवल्या होत्या आणि एक ताकीद ठेवली होती.

त्या नकाराचा आम्हांला राग आला. एजंटच्या मनात आमच्या रंगाविषयी काही होते काय, असा संशयही आला. आज मागे वळून पाहता, त्याने विचारलेले प्रश्न कोणालाही विचारावेत असेच होते, हे मान्य करावे लागते. परंतु सर्वांना सारखा प्रश्न विचारला म्हणजे सर्वांना सारखा न्याय मिळाला, असे होत नाही. ज्यांची सुरुवात सारखी नाही त्यांना सारख्या अटी लावणे म्हणजे जुनी विषमता नव्या कागदावर उतरविणे होय.

आता त्या कागदाची दुसरी बाजू. १९९९ साली एका फेडरल इमारतीच्या कामात आम्ही दुसऱ्या पायरीचे उपठेकेदार होतो. मुख्य ठेकेदाराने एका कंपनीस विजेचे काम दिले आणि त्या कंपनीने त्यातील काही भाग आम्हांस दिला. आम्ही काम पुरे केले. आमचे ३८ हजार डॉलर येणे होते, आणि ती मधली कंपनी एके दिवशी टाळे लावून नाहीशी झाली. आम्ही आमच्या चार माणसांचे पगार क्रेडिट कार्डावर काढून दिले. घरात दोन लहान मुले होती. फोन करीत, पत्रे लिहीत दिवस गेले. अखेर एका ओळखीच्या वकिलाने पहिलाच प्रश्न केला, “तुम्ही कामावर शेवटचे कधी गेला होता?” डायरी पाहिली. त्या दिवसास ८१ दिवस झाले होते. मिलर कायद्यानुसार, ज्याचा मुख्य ठेकेदाराशी थेट करार नाही त्याने आपल्या कामाच्या शेवटच्या दिवसापासून ९० दिवसांच्या आत मुख्य ठेकेदारास लेखी सूचना दिली पाहिजे, आणि दावा लावायचा तर शेवटच्या दिवसापासून एक वर्षाच्या आत लावला पाहिजे. दुसऱ्याच दिवशी आमची सूचना नोंदणीकृत टपालाने गेली. काही महिन्यांनी पेमेंट बाँडखाली आमचे पैसे मिळाले. आणखी दहा दिवस आम्ही नुसते फोन करीत बसलो असतो तर हा हक्क गेला असता. म्हणून बांधकामात काम करणाऱ्या प्रत्येकास आमची विनंती आहे : कामाच्या पहिल्याच दिवशी पेमेंट बाँडची प्रत मागून घ्या आणि कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख ठळक लिहून ठेवा.

या प्रसंगानंतर आम्ही निश्चय केला की दुसऱ्याच्या पायरीवर किती दिवस उभे राहायचे! येथे स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेची शुअरिटी हमी योजना आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून ती चालू आहे. जो लहान ठेकेदार स्वतःच्या बळावर बाँड मिळवू शकत नाही, त्याच्या बाँडवर शुअरिटी कंपनीला तोटा झाल्यास त्यातील ८० ते ९० टक्के भाग सरकार कंपनीस भरून देते. म्हणजे जामीनदारासाठी सरकार जामीन राहते. सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या मागे ठेवल्या गेलेल्यांच्या व्यवसायांना ९० टक्क्यांची हमी मिळू शकते. यासाठी ठेकेदारास कामाच्या किमतीच्या ०.६ टक्के शुल्क द्यावे लागते. शुअरिटी कंपनीचा हप्ता, जो बहुधा एक ते तीन टक्के असतो, तो निराळा. बिड बाँडसाठी हे सरकारी शुल्क नाही. २०२४ साली या योजनेची मर्यादा वाढून ९० लाख डॉलरच्या कामापर्यंत आणि काही फेडरल कामांत १ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत गेली आहे.

दोन वर्षे आम्ही हिशेब नीट केले, व्हॅन बदलण्याचा मोह टाळला आणि पैसा धंद्यात ठेवला. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थास मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा संकटकाळासाठी. आमच्या सी.पी.ए.ने वेगळ्या शब्दांत हेच सांगितले. २००१ साली आमचा पहिला बाँड मंजूर झाला.

तेव्हा तो करारनामा घरी आला. त्याला इंडेम्निटी करार म्हणतात. शुअरिटी कंपनीचे जे काही नुकसान होईल ते आम्ही कंपनी म्हणून आणि व्यक्ती म्हणूनही भरून देऊ, असे त्यात लिहिले होते. सह्या दोघांच्याही हव्या होत्या. घर दोघांच्या नावावर होते, आणि नवऱ्याने मालमत्ता बायकोच्या नावावर करून हात झटकू नयेत म्हणून कंपन्या दोघांच्याही सह्या मागतात. स्वयंपाकघरातील टेबलावर तो कागद तीन दिवस पडून होता. आम्हांपैकी एकीने विचारले, “म्हणजे हे घरही जाऊ शकते?” दुसऱ्याने उत्तर दिले, “होय, जाऊ शकते.” मग तिने कराराचे प्रत्येक पान वाचले, शंका लिहून काढल्या आणि वकिलाकडून उत्तरे आणली. स्त्रीला मालमत्तेत हक्क असावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडविले गेले, तेव्हा १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या बाबासाहेबांच्या लेकीने न वाचता सही करावी, हे आम्हांस शोभले नसते. चौथ्या दिवशी आम्ही दोघांनी सह्या केल्या. ते काम पुरे झाले. बाँडवर दावा आला नाही, आणि घरही राहिले.

येथे या देशातील एका खटल्याची आठवण करणे अगत्याचे वाटते. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहराची निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची होती. परंतु १९७८ ते १९८३ या पाच वर्षांत शहराच्या बांधकामाच्या मुख्य ठेक्यांपैकी अवघे ०.६७ टक्के अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना मिळाले होते. म्हणून शहराने १९८३ साली असा नियम केला की मुख्य ठेकेदाराने कामाचा किमान ३० टक्के भाग अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना द्यावा. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. आम्हांस तो निर्णय पटत नाही. परंतु त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी शहरांपुढे काही अन्य मार्ग ठेवले : निविदेची पद्धत सोपी करावी, बाँडच्या अटी शिथिल कराव्यात, आणि नव्या उद्योजकांना प्रशिक्षण व अर्थसाहाय्य द्यावे. म्हणजे बाँडची अट ही किती मोठी भिंत आहे, हे आरक्षण नाकारणाऱ्या न्यायालयासही मान्य करावे लागले. बाबासाहेबांनी १९४६ साली डॉ. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतील साम्य दाखविले होते. ठेकेदारीच्या या कोरड्या क्षेत्रातही ते साम्य आढळते.

मायदेशीचे चित्र काय आहे? तेथे निविदेबरोबर अनामत रकम आणि काम मिळाल्यावर बहुधा बँक गॅरंटी द्यावी लागते. बँक त्यासाठी तारण मागते आणि पैसा अडकून पडतो. २०१२ च्या केंद्रीय आदेशाने सूक्ष्म व लघु उद्योगांना अनामत रकमेतून सूट दिली आणि सरकारी खरेदीतील ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ठेवला. परंतु तो आदेश वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे, बांधकामाच्या ठेक्यांसाठी नाही. एप्रिल २०२२ पासून विमा कंपन्यांना तेथेही शुअरिटी बाँड देण्याची मुभा मिळाली आहे. हे स्वागतार्ह होय. परंतु तेथील नव्या दलित ठेकेदारालाही चारित्र्य, कुवत आणि भांडवल हेच तीन प्रश्न विचारले जाणार. तेव्हा त्याच्यामागे सरकार जामीन राहील काय, हा प्रश्न आपण तेथील आपल्या प्रतिनिधींना विचारला पाहिजे.

आता, मित्रहो, ज्यासाठी हे सारे सांगितले तेथे येतो.

चार वर्षांपूर्वी आपल्याच मंडळाच्या परिवारातील एक तरुण आमच्या घरी आला. रंगकाम आणि दुरुस्तीची त्याची लहान कंपनी आहे. नगरपालिकेच्या एका इमारतीचे काम त्याला मिळण्यासारखे होते. शुअरिटी कंपनीने त्याला सांगितले की आणखी कोणी सक्षम व्यक्तीने इंडेम्निटीवर सही केली तर बाँड देऊ. तो म्हणाला, “काका, काकू, तुम्ही सही कराल का?” तो निघून गेल्यावर आम्ही दोघे रात्री उशिरापर्यंत बोललो नाही. दोघांच्याही कानांत वडिलांचे शब्द होते.

त्या वेळी आम्ही सही केली नाही. हे आम्ही येथे मोकळेपणाने सांगतो. तो तरुण आज या सभागृहात बसला आहे आणि त्याच्या संमतीनेच सांगतो. आम्ही त्याला म्हणालो, “ते काम सोड. पण उद्यापासून आमच्या कामांतील रंगकाम तुझे.” आम्ही त्याच्याकडून बाँड मागितला नाही. त्याचे बिल तीस दिवसांच्या आत दिले. आम्हांपैकी जिला हिशेबाची दृष्टी आहे तिने दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्याच्या वह्या पाहिल्या. सुरुवातीला त्याचा घरखर्च आणि धंद्याचा खर्च एकाच खात्यात होता. तो वेगळा झाला. कोणत्या कामात नफा होतो आणि कोणत्या कामात आपण फुकट राबतो, हे त्याला कळू लागले. तीन वर्षांत पुऱ्या केलेल्या कामांची यादी झाली आणि ती त्याच्या स्वतःच्या नावावर होती.

या वर्षी तो पुन्हा आला. या वेळी काम त्याच्या आवाक्यातले होते आणि सरकारी हमी योजनेखाली अर्ज होता. तरीही कंपनीला आणखी एक सही हवी होती. आम्ही सही केली. एकाच कामापुरती केली, रकमेची मर्यादा लिहून घेऊन केली, आणि कामाचा पैसा वेगळ्या खात्यात राहील व त्याचा हिशेब दरमहा आम्हांस दिसेल, या अटीवर केली. ते काम अद्याप चालू आहे. हिवाळ्यापूर्वी ते पुरे व्हावयाचे आहे. ते नीट पार पडेल असा आमचा विश्वास आहे. परंतु खात्री द्यावी असे या जगात काही नसते, म्हणून तर जामीन लागतो.

वडील आज हयात नाहीत. आम्ही त्यांची आज्ञा मोडली काय? आम्हांस तसे वाटत नाही. वडिलांनी सही केली तेव्हा त्यांच्या हाती सोबत्याचा हिशेब नव्हता, रकमेला मर्यादा नव्हती आणि मागे उभे राहणारी कोणतीही योजना नव्हती. होते ते केवळ मन. आमच्यापाशी मनाबरोबर माहितीही होती. डोळे मिटून टाकलेला विश्वास माणसाला बुडवितो, आणि विश्वास मुळीच न टाकणारा समाज आपल्या मुलांना कायमचे दुसऱ्यांच्या पायरीवर बसवितो.

म्हणून या संमेलनापुढे आम्ही एक छोटी सूचना ठेवतो. मंडळाने कोणाच्या बाँडवर सही करू नये. मंडळाचा निधी सर्वांचा आहे आणि तो असा गुंतविणे योग्य होणार नाही. परंतु आपल्यात सी.पी.ए. आहेत, वकील आहेत, बँकेत काम करणारे आहेत, अभियंते आहेत. त्यांनी तीन महिन्यांतून एक शनिवार द्यावा. ज्याला धंदा करायचा आहे त्याचा ताळेबंद पाहावा, करार वाचून दाखवावा, बाँड देणारी कंपनी अर्थखात्याच्या मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही हे तपासून द्यावे. कारण बनावट जामीनदारांचाही येथे सुळसुळाट आहे. आणि ज्यांची कामे चालू आहेत त्यांनी आपल्या कामातील एक लहान तुकडा नव्या माणसाला द्यावा आणि त्याचे पैसे वेळेवर द्यावेत. वेळेवर दिलेले पैसे हे नव्या ठेकेदाराला मिळालेले पहिले चारित्र्याचे प्रमाणपत्र असते.

आपल्या मुलामुलींनी डॉक्टर व्हावे, संगणक अभियंता व्हावे, ही आपली इच्छा योग्यच आहे. परंतु एखाद्या मुलीने हातात पाना घेतला, एखाद्या मुलाने इमारती बांधण्याचे ठरविले, तर त्यांना कमी लेखू नका. त्यांना एकच विचारा, “हिशेब ठेवतोस का? ठेवतेस का?” आणि उत्तर ‘होय’ आले तर त्यांच्या शेजारी बसा.

“तुझ्यासाठी जामीन कोण?” हा प्रश्न आपल्या आजोबांना विचारला गेला तेव्हा त्यांनी मान खाली घातली. तोच प्रश्न या देशात आपल्या नातवंडांना विचारला जाईल. तेव्हा त्यांच्यापाशी उत्तर असावे, एवढ्यासाठी आज हा रूक्ष विषय आपणांपुढे मांडला. 

जयभीम! नमो बुद्धाय!